निळी गिअर घेत नाही

“गिअरबॉक्स गेला,” हे बाबा गेले काही आठवडे येणाऱ्याजाणाऱ्याला अशा सुरात सांगत होते, की ऐकणाऱ्याला आधी सांत्वन करावंसं वाटे आणि मग कळे की विषय मोटारीचा आहे. आजोबांनी ही मोटार, निळी, घेतली तेव्हा बाबा शाळेत जात होते. तिच्या दारावरचा पहिला ओरखडा त्यांचाच, आणि तो लपवण्यासाठी त्यांनी काय काय उद्योग केले ते घरात अजून सांगितलं जातं. आजोबांच्या काळापासून या घराचा एक नियम होता. निळीला परका हात लागू द्यायचा नाही. ब्रेक असो, कार्बोरेटर असो, जे काही करायचं ते घरच्यांनी, गॅरेजच्या फरशीवर पाठ टेकून. मेकॅनिकला बोलावणं म्हणजे घरचं भांडण चव्हाट्यावर नेणं, असं आजोबा म्हणत. नियम शहाणपणाचा होता की वेडेपणाचा, हे कुणी विचारलं नाही, कारण या घरात नियम पाळायचे असत आणि भांडायचं दुसऱ्याच गोष्टींवरून.

त्या नियमापायीच बारकीला बोलावणं गेलं. बारकी म्हणजे या घरची धाकटी लेक, वय पंचेचाळीसच्या पुढे, बसगाड्यांच्या कारखान्यात गिअरबॉक्स विभागाची प्रमुख. आयुष्यभर बसचे गिअरबॉक्स उघडणारी ही बाई रविवारी सकाळी बसमध्येच बसून माहेरी आली आणि वाटेत ड्रायव्हरच्या प्रत्येक गिअरला तिनं तोंड वेडंवाकडं केलं. फाटकाशी तिचा मोठा भाऊ, थोरला, उभाच होता. त्याचं चष्म्याचं दुकान रविवारी बंद असे आणि मग लोकांचे डोळे तपासण्याची हौस तो घरातल्यांच्या चुका तपासून भागवी.

“तू फक्त बघ आणि सांग,” गॅरेजकडे जाताना तो म्हणाला. “गिअरबॉक्स गेलाच असेल तर दुपारी एक माणूस येतोय. जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकतो. ओढून नेईल.”

“आणि नसेल गेला तर?”

“तर माझं काही म्हणणं नाही.”

“तुझं काही म्हणणं नाही असं कधी झालंय, दादा?”

गॅरेजमध्ये बाबा निळीच्या बॉनेटवर हात ठेवून उभे होते. लेक आल्याचा आनंद त्यांनी तिच्या हातात कापडाचा बोळा देऊन व्यक्त केला. “आली आमची डॉक्टरीण. हा तुझा भाऊ हिला खाटकाच्या हवाली करायला निघालाय.”

“बाबा, गिअरबॉक्स गेला हे तुम्हीच सांगताय ना गावभर?” थोरला म्हणाला.

“गेला म्हणालो. दुरुस्त होणार नाही असं म्हणालो का? बारकी उघडेल, नवे दात बसवेल, आणि मग पुन्हा मी आहे आणि ही आहे.”

“नाचता येईना...” थोरला पुटपुटला.

“काय म्हणालास?”

“काही नाही. आई चहा आणतेय.”

म्हण पुरी करण्याची त्याची हिंमत झाली नाही, आणि ते बरंच झालं. थोरल्याला गाडीचं काही कळत नसे, पण माणसं कशी चालतात ते त्याला दुकानात बसून बसून कळू लागलं होतं. बाबा जिना उतरताना डावा पाय आधी टाकत नाहीत हे त्याला हिवाळ्यापासून दिसत होतं. तळपायाखाली पायरी आहे की नाही, हे ते कठड्यावरच्या हातानं ठरवत. हे तोंडावर सांगण्यापेक्षा गाडीच गेलेली बरी, असा त्याचा सरळ हिशेब होता. बाप त्याला खाटीक म्हणाला तरी चालणार होतं, बाप शाबूत राहायला हवा होता.

बारकीनं बाही वर सारली आणि प्रश्न सुरू केले. हीच तिची पद्धत होती. आधी विचारायचं, मग ऐकायचं, मग हात लावायचा, आणि उघडायचं सगळ्यात शेवटी.

“खरखर कुठल्या गिअरला?”

“पहिला आणि दुसरा. रिव्हर्सला तर जातं फिरवल्यासारखी.”

“पडलेला गिअर चालता चालता सटकतो? आपोआप न्यूट्रलला येतो?”

“छे. एकदा पडला की शहाण्यासारखा बसून राहतो.”

“धावताना गुणगुणते? कण्हते?”

“नाही गं. एरवी आवाज तोच, आजोबांच्या वेळचा.”

बारकी भुवई वर करून आत बसली. इंजिन बंद ठेवून तिनं क्लच दाबला आणि एकेक गिअर टाकून पाहिला. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, रिव्हर्स. सगळे विनातक्रार पडले. मग तिनं गाडी चालू केली, पेडल तळाला टेकवलं, जरा थांबली आणि रिव्हर्स घातला. कर्रर्र असा आवाज झाला, की दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या आईच्या हातातले कप वाजले. बारकीनं गाडी बंद केली. खाली वाकून ती पेडल हातानं दाबत राहिली, परत परत, नाडी बघावी तशी.

“बंद गाडीत गिअर सरळ पडतात आणि चालू गाडीत भांडतात,” ती म्हणाली. “म्हणजे दात धड आहेत, बाबा. गिअरबॉक्सचा काही दोष नाही. तुम्ही पेडल दाबता, पण क्लच पुरता सुटतच नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांचा हात धरून बसतात आणि त्या ओढाताणीत तुम्ही गिअर कोंबता. हे पेडल बघा, अर्ध्यापर्यंत नुसतं हवेत जातंय.”

“म्हणजे गिअरबॉक्स जिवंत आहे?”

“ठणठणीत आहे.”

बाबांचा चेहरा असा उजळला, की थोरल्यानं मान दुसरीकडे वळवली. “बघ!” बाबा त्याला म्हणाले. “आणि त्या दिवशी चौकात गाडीनं झटका दिला, हे घरी सांगितलं तेव्हा तुम्ही सगळे माझ्याकडे कसे बघत होतात! क्लच सुटत नव्हता! मी सांगत होतो की नाही? गाडीत दोष होता!”

आईनं ट्रे बाकावर ठेवला. त्या दिवशी चौकात ती त्यांच्या शेजारी बसलेली होती. लाल दिवा होता. समोरून एक तरुण बाई बाळाची ढकलगाडी घेऊन रस्ता ओलांडत होती. बाबा क्लच दाबून, गाडी गिअरमध्ये ठेवून थांबले होते, आणि त्यांचा डावा पाय पेडलवरून घसरला. तो पेडलच्या बाजूला नुसताच टेकलेला होता, आणि बाबांना वाटत होतं की क्लच दाबलेला आहे. ब्रेकवरचा पाय तर त्यांनी आधीच सैल सोडला होता. गिअरमध्ये असलेली निळी उसळून पुढे गेली आणि आचके देत बंद पडली. ती बाई वाचली, बाळ वाचलं. बाबांनी काच खाली करून माफी मागितली, म्हणाले, गाडीनं झटका दिला. शेजारी बसलेल्या आईला मात्र खरं ठाऊक होतं. तो पाय तिनं बघितला होता.

तेव्हापासून तिला झोप नव्हती. नवऱ्याला सांगायचं कसं, हे तिला कळेना. या माणसानं पन्नास वर्षं मोठ्या दिमाखात गाडी चालवली होती. तुमचा पाय गेला, असं याला सांगायला जीभ कशी रेटायची? आणि सांगितलं तरी तो ऐकणार होता थोडाच.

“खाली बघायला हवं,” बारकी म्हणाली. “पेडलपासून क्लचकडे एक दांडी जाते. तिच्यावर नट असतो, तो ठरवतो पेडल कुठं पकडेल ते.”

तिनं स्टिअरिंग पूर्ण वळवलं. पुढचं चाक बाहेर आलं, तशी मागे हात जाईल एवढी फट झाली. एक जुनी गोधडी अंथरून ती आडवी झाली आणि खांद्यापर्यंत आत शिरली. थोरला टॉर्च धरून उभा राहिला. लहानपणीही त्याच्याकडे हेच काम असे, कारण त्याच्या हातात पाना दिला की नटाची तोंडं गोल होत. बाबा चहा घेत, पाय लांब करून बाकावर बसले होते आणि आज कितीतरी दिवसांनी शीळ घालत होते.

बारकीला नट दिसला. जरा वेळ ती नुसती पाहत राहिली. दांडी सगळी मातकट, गंजकी, पण नटाच्या एका बाजूचे आटे चकचकीत होते. इतकी वर्षं नट जिथं बसलेला होता, तिथून तो कुणीतरी सरकवला होता. मागचा लॉकनट, म्हणजे पहिला नट आपोआप हलू नये म्हणून त्याच्यामागे आवळतात तो, घट्ट होता. हलवून पाहिला, हलेना. आणि दोन्ही नटांची सहाच्या सहा तोंडं शाबूत. ज्यानं हे केलं होतं त्याला आपण काय करतोय ते नीट माहीत होतं.

विचारांच्या नादात तिनं हात बाहेर काढला. “पाना दे.”

कितीचा, ते सांगायचं राहूनच गेलं. तरी हातात एक पाना पडला आणि तो नटावर चपखल बसला.

ती तशीच पडून राहिली. मग तिनं मान वळवून गाडीखालून बाहेर पाहिलं. समोर आईची पावलं होती. पेटीत लहानमोठे वीसेक पाने होते आणि नट कितीचा, हे अजून कुणीच बोललेलं नव्हतं. आई जन्मभर बाबांच्या हातात पाने देत आली होती. बाबांना काय लागणार ते त्यांच्या आधी तिला कळे. आज तिचा हात सवयीनं गेला होता, आणि गेल्यावर तिच्या लक्षात आलं असावं, कारण ती पावलं एक पाऊल मागे सरकली आणि तिथंच खिळली.

“काय आहे?” बाबांनी विचारलं.

“नट सरकलाय,” बारकी म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. “जागेवर आणते. होईल ठीक.”

“सरकेल कसा? लॉकनट आहे की. तो सैल झालाय का?”

हो म्हटलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण बारकी कारखान्यात इतरांच्या खोट्या उत्तरांवर इतकी वर्षं खेकसत आली होती, की तिला स्वतःला ते जमेना.

“नाही,” ती म्हणाली. “आवळलेला आहे.”

शीळ थांबली. बाबांना गाडीतलं समजावून सांगावं लागत नसे. आवळलेला लॉकनट म्हणजे माणसाचा हात. त्यांनी कप खाली ठेवला आणि ते थोरल्याकडे वळले.

“तू.”

“मी काय?”

“दुपारी माणूस बोलावून ठेवलास. गाडी काढा, गाडी काढा, म्हणून माझ्या कानीकपाळी ओरडत होतास. चांगली गाडी बिघडवलीस? बापाच्या गाडीवर हात टाकलास?”

थोरल्याचा पारा चढला. तोंड उघडलंही होतं त्यानं. पण हातातल्या टॉर्चचा झोत हलला तशी त्याची नजर आईकडे गेली. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. सोडत होती, परत गुंडाळत होती. लहानपणी काच फोडली की थोरला स्वतः शर्टाचं टोक असंच गुंडाळत उभा राही. त्याला सगळं एकदम कळलं, गाडीतलं काहीही न कळता. आणि त्याचा राग गेला कुठं ते त्याचं त्यालाही समजलं नाही.

“हो,” तो म्हणाला. “मीच केलं.”

“दादा, गप्प बस,” गाडीखालून बारकी म्हणाली.

“का गप्प बसू? केलं मी. गाडी धोक्याची झाली होती. मला वाटलं, बिघडली की तुम्ही सोडाल.”

बाबा उठले. बाकाचा आधार घेत चाकापाशी आले, आणि वाकून, थोरल्याच्या हातातला टॉर्च घेऊन, त्यांनी आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग सरळ झाले.

“तू?” ते म्हणाले. “तुझ्या हातून नटाची तोंडं शाबूत राहिली? अरे, सायकलचं चाक काढताना तू अशी वाट लावली होतीस, की शेवटी करवतीनं कापावं लागलं. खोटं तरी झेपेल असं बोल.”

एरवी यावर सगळे हसले असते. बारकी गोधडीवरून उठून बसली. तिनं आईकडे पाहिलं नाही. आईकडे न पाहण्याची तिची ती धडपड इतकी उघड होती, की बाबांनी तिकडेच पाहिलं.

“मी केलं,” आई म्हणाली.

बाबांनी टॉर्च बंद केला.

“मुलावर कशाला ओरडता? मी केलं. तुम्ही दुपारी झोपला होतात. चाक वळवलं की हात जातो, तुम्हीच शिकवलंय. लॉकनट सोडला, पुढचा मागे घेतला, परत आवळला.” तिचा आवाज बारीक झाला होता पण थांबत नव्हता. “चालवू नये तुम्ही, म्हणून. सांगून तुम्ही ऐकलं असतं?”

“नाही.” बाबांनी ते प्रामाणिकपणे सांगितलं.

“मग काय करायचं मी? तुम्ही सगळं गाडीवर ढकललंत. मी म्हटलं, तर तेच खरं होऊ दे. बोल तिला लागू देत, तुम्हाला नकोत.”

थोरल्याला वाटलं, आता बाबा काहीतरी फेकतील. लहानपणी एकदा त्यांनी जॅकची दांडी भिंतीवर फेकली होती. बारकी उठून आईच्या शेजारी जाऊन उभी राहिली. थोरलाही सरकत सरकत त्याच बाजूला आला. सकाळी बारकी बाबांच्या बाजूची होती आणि थोरला एकटा होता. आता एकटे बाबा होते, आणि ते त्यांना दिसत होतं.

“नट जागेवर आण,” ते बारकीला म्हणाले.

“बाबा...”

“आण म्हणतो ना. गाडी नीट व्हायला हवी. बाकीचं नंतर.”

बारकी परत आडवी झाली. काम काही मोठं नव्हतं. नट चकचकीत आट्यांवरून मूळ जागी आला, लॉकनट आवळला गेला. तेवढ्यात बाबा गाडीत जाऊन बसले होते. त्यांनी किल्ली फिरवली. निळी चालू झाली, तोच तो आवाज, आजोबांच्या वेळचा. बाबांनी खाली वाकून बघितलं, डावा पाय पेडलवर ठेवला, दाबला, आणि रिव्हर्स घातला.

काहीही आवाज झाला नाही. गिअर पडला.

पहिला पडला. दुसरा पडला. थोरल्यानं खिशातून फोन काढला आणि दाराबाहेर जाऊन त्या माणसाला सांगितलं की येऊ नका. निळी मेलेली नव्हती. मेलेली असती तर सोपं झालं असतं, असं त्याला वाटलं आणि लगेच स्वतःची लाजही वाटली. तो आत आला तेव्हा बाबांनी गाडी न्यूट्रलला आणली होती, इंजिन चालूच होतं, आणि त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. आता निळी बाहेर काढायला, रस्त्यावर न्यायला, त्यांना कुणीही अडवलं नसतं. अडवायचं कसं तेच तिघांना माहीत नव्हतं.

पण बाबा रस्त्याकडे बघत नव्हते. निळीत दोष होता हे सिद्ध झालं, तेव्हा त्यांच्या छातीवरचं ओझं उतरलं होतं. चौकातली ती ढकलगाडी त्यांच्याही डोळ्यांपुढून हलत नव्हती. त्यांनी रोज स्वतःला सांगितलं होतं, झटका गाडीनं दिला. आणि मग त्यांच्या नशिबानं गाडी खरोखरच खरखरू लागली होती. त्या खरखरीनं त्यांना केवढा धीर दिला होता! गावभर ते गिअरबॉक्स गेल्याचं सांगत सुटले ते त्यामुळेच. आता त्यांना एक गोष्ट विचारायची होती आणि उत्तर काय येणार ते त्यांना जवळजवळ ठाऊक होतं. म्हणूनच विचारवत नव्हतं.

त्यांनी इंजिन बंद केलं.

“अगं,” ते म्हणाले, “इकडे ये.”

आई दारापाशी आली.

“हे नटाचं तू कधी केलंस?”

“सांगितलं ना. दुपारी, तुम्ही झोपला होतात तेव्हा.”

“ते नाही विचारत. चौकात झालं, त्याच्या आधी की नंतर?”

हे आईनं कधी ध्यानातच घेतलं नव्हतं. गाडी बिघडवली की तो चालवणं सोडेल, एवढाच तिचा विचार होता. बिघडलेली गाडी त्याला निर्दोष ठरवेल, दुरुस्त करून परत चालवायला उभा करेल, हे तिला सुचलंच नव्हतं. आताही एक शब्द पुरला असता. आधी, एवढं म्हटलं की तो सुटला असता, आणि उद्या परत त्या चौकात गेला असता.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

“नंतर,” ती म्हणाली. “दुसऱ्या दिवशी.”

“म्हणजे त्या दिवशी गाडी ठीक होती.”

“ठीक होती.”

बाबांनी मान हलवली. हळूहळू, दोनतीनदा. बारकीला वाटलं आपण काहीतरी बोलावं, पण थोरल्यानं तिच्या दंडाला धरून तिला थांबवलं आणि तिनं ते ऐकलं.

“मग पायच होता,” बाबा म्हणाले. “पेडलवर आहे असं मला शपथेवर वाटत होतं. आत्ताही बघ, कुठं आहे ते बघितल्याशिवाय मला सांगता येत नाही.”

बाबांनी दार उघडलं. उजवा पाय बाहेर टाकला. डाव्याला हातानं उचलून बाहेर आणावं लागलं, आणि ते त्यांनी सगळ्यांसमोर केलं.

“रागवायचं आहे मला तुझ्यावर,” ते आईला म्हणाले. “चांगलं दणदणीत रागवायचं आहे. पण आधी उतरू दे. हात दे.”

आईनं दोन्ही हात दिले.